येऊन राहिली

दक्षिणी समाजाच्या मंडळींनी पाठवलेल्या फायली उघडून बघण्यात सुभाषचंद्र करमरकरांना जी गंमत वाटायची, ती त्यांना ना सिनेमात वाटे ना क्रिकेटमध्ये. एकेक नग होता. कुणी शीर्षक मधोमध यावं म्हणून स्पेसबार दाबत दाबत ओळीच्या मध्यापर्यंत पायी चालत गेला होता. कुणी हाताने लिहिलेल्या कागदाचा मोबाइलवर तिरका फोटो काढून तो वर्डच्या फायलीत चिकटवला होता आणि तिला नाव दिलं होतं 'फायनल'. त्याच गृहस्थांची दुसरी फाईल होती 'फायनल नया' आणि तिसरी 'असली फायनल'. एका बाईंनी मंगळागौरीवरचा अख्खा लेख गुलाबी अक्षरांत लिहिला होता आणि खाली स्वतःचं नाव हिरव्या. सुभाषचंद्र चहाचा कप हातात धरून हे सगळं चवीचवीने बघत आणि बायकोला हाका मारमारून दाखवत. अरुंधती दारातून एक नजर टाकी आणि पुन्हा आपल्या कामाला लागे.

हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. झाशीजवळच्या सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत ते संगणक विभागाचे वरिष्ठ व्यवस्थापक होते आणि हिवाळ्यात निवृत्त होणार होते. पुण्यात बाणेरला फ्लॅट तयार होता, पडदेसुद्धा लावून झाले होते. अशात समाजाच्या एका सभेत अध्यक्ष बापूराव मांडवगणे उठून म्हणाले की आमची पोरं मोबाइलशिवाय काही वाचत नाहीत, तर आता आपल्या घराण्यांच्या हकिकती, कुळाचार, जुनी भाषणं, सगळं मोबाइलवर आणा. मंडळी चपला शोधू लागली. सुभाषचंद्रांनी हात वर केला. त्यांना समाजाचं प्रेम होतं अशातला भाग नाही. दुसऱ्या कुणी हे काम केलं असतं तर त्याने त्याचं वाटोळं केलं असतं, आणि ते बघवलं नसतं, एवढंच.

झाशीत त्यांना वीस वर्षं झाली होती. पण "मी झाशीत राहतो" असं ते कधी म्हणाले नाहीत. "सध्या झाशीला आहे," म्हणायचे, आणि वीस वर्षांत त्यातलं 'सध्या' काही सुटलं नव्हतं. कंपनीच्या कॉलनीच्या फाटकाबाहेर पडलं की गाव सुरू होतं आणि गावात ही जुनी मराठी घराणी होती. अडीचशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर, दप्तराबरोबर आलेली, गावाने 'दक्षिणी' असं नाव ठेवलेली आणि ते नाव मिरवणारी. त्यांची मराठी ऐकली की सुभाषचंद्रांच्या दातांखाली खडा येई. 'त्याने बोललं' काय, 'मी त्याच्याने विचारलं' काय. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे ते 'येऊन राहिली आहे'. बस येऊन राहिली आहे. वीज जाऊन राहिली आहे. वहिनी स्वयंपाक करून राहिली आहे. हिंदीतल्या 'आ रही है'ला मराठी लुगडं नेसवून उभं केलेलं हे ध्यान त्यांना जितकं किळसवाणं वाटे, तितकी उघडी गटारंही वाटत नसत.

बापूरावही काही कमी नव्हते. रेल्वेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण बसायचे असे की कुणीतरी आता मुजरा करायला येणार आहे. कॉलनीतल्या मराठी लोकांना ते 'बदलीवाले' म्हणत, आणि तो शब्द असा उच्चारत की ऐकणाऱ्याला आपण चपला घालून देवघरात शिरलो असं वाटावं. वेबसाइटचं ठरलं तेव्हा ते सुभाषचंद्रांना म्हणाले, "आपण करताय, उपकार आहेत. पण साहेब, एक शर्त आहे. ज्याने जसं लिहिलं तसंच राहील. काना-मात्रेला हात नाही लावायचा."

"फायलीला हात लावणार नाही. शब्द देतो," सुभाषचंद्र म्हणाले.

या शब्दाची त्यांनी अक्षरशः कदर केली, आणि सगळी गोम तिथेच होती.

दुसराही एक शब्द त्यांनी दिला होता, तो घरात. त्यांची मुलगी कश्मिरा सहा वर्षांची असताना झाशीला आली होती आणि आता सिविल लाइंसमधल्या शाळेत विज्ञान शिकवत होती. बापूरावांचा नातू अक्षत बरुआसागरला आल्याची शेती आणि व्यापार करायचा. दोघांचं जमलं होतं. दिवाळीनंतर एक दिवस बापूरावांच्या पत्नी जानकीबाई ताज्या आल्याची पिशवी घेऊन कॉलनीत आल्या आणि रीतीप्रमाणे मुलीला मागणी घालून गेल्या. सुभाषचंद्र म्हणाले, वेबसाइटचं उद्घाटन होऊ दे, त्या दिवशी सांगतो. पिशवी आठवडाभर ओट्यावर पडून होती. आल्याच्या व्यापाऱ्याच्या घरात, जिथे पोरांना धड 'ळ' म्हणता येत नाही, तिथे आपली मुलगी द्यायची ही कल्पनाच त्यांना असह्य होई. उत्तर 'नाही' होतं. फक्त उद्घाटनाच्या टाळ्या आधी मिळाव्यात आणि मग 'नाही' म्हणावं, म्हणजे कुणाला वाईटपणा देता येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

कश्मिराला हे कळत होतं. मागणी आली त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे. म्हणा. मी भांडणार नाही. तुम्ही म्हणता तशी वर्षभर पुण्याला येते, तिथे राहून बघते. पण एक करा. नाही म्हणताना त्यांना खाली बघायला लावू नका. चार लोकांत तर मुळीच नाही."

"मी काय इतका असंस्कृत आहे?"

"शब्द द्या."

"दिला," सुभाषचंद्र म्हणाले आणि भात कालवू लागले. मुलगी पुण्याला येणार या आनंदात त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

मग ते कामाला लागले. कुणी काहीही म्हणो, माणसाला आपलं काम येत होतं. वर्डची फाईल वरून साधी दिसते, आत ते बोचकं असतं. मजकूर एकीकडे, रंग एकीकडे, चित्रं तिसरीकडे. सुभाषचंद्रांनी सर्व्हरवर पीएचपीची एक स्क्रिप्ट लिहिली. लोकांच्या फायली एका फोल्डरमध्ये जशाच्या तशा ठेवायच्या. कुणी मोबाइलवर एखाद्या लेखाच्या नावावर बोट ठेवलं की सर्व्हरने ती फाईल घ्यायची, बोचकं सोडायचं, गुलाबी-हिरवं सगळं झटकून टाकायचं, स्पेसबारचे ढीग उपसायचे, शीर्षकाचं शीर्षक आणि परिच्छेदाचा परिच्छेद करायचा आणि स्वच्छ पान तयार करून वाचणाऱ्याकडे पाठवायचं. मूळ फाईल फोल्डरमध्ये शांत पडलेली. उद्या कुणी 'असली फायनल'च्या जागी आणखी असली काही पाठवलं, तर ती फाईल ठेवायची, पान आपोआप बदलणार.

इथवर थांबले असते तर समाजाने त्यांना शाल दिली असती. पण फाईल उघडणं आणि पान पाठवणं यांच्या मधल्या जागेत त्यांना एक मोकळी खोली दिसली, जिथे त्यांना कुणी बघत नव्हतं. तिथे त्यांनी आणखी एक छोटी स्क्रिप्ट बसवली आणि तिला 'शुद्धी' असं नाव दिलं. तिच्यात नियम होते. 'त्याने बोललं' दिसलं की 'तो बोलला'. 'त्याच्याने विचारलं' दिसलं की 'त्याला विचारलं'. 'सांगून दिलं' दिसलं की 'सांगितलं', अशी लांबलचक यादी. आणि सगळ्यांत लाडका नियम: 'येऊन राहिली' दिसलं की 'येते आहे', 'करून राहिला' दिसलं की 'करतो आहे', 'जाऊन राहिले' दिसलं की 'जात आहेत'. क्रियापद कुठलंही असो. बाई, बाप्या, अनेकवचन, सगळ्यांची सोय केली. फायलीला हात लावायचा नव्हता, लावलाही नाही. झाशीचे लोक सुधारणार नव्हते, ते सर्व्हरवर सुधारणार होते.

नियम चालतो का हे बघायला वाक्यं हवी होती. ती त्यांना शोधावी लागली नाहीत. त्यांच्या मोबाइलमध्ये कश्मिराचे वर्षानुवर्षांचे मेसेज होते. 'बाबा मी शाळेतून निघून राहिली आहे, दूध घेऊ का.' 'आई फोन उचलून नाही राहिली, ठीक आहे ना.' 'मी जेवून राहिली, पाच मिनिटांत करते.' सुभाषचंद्रांनी ते चाचणीच्या चौकटीत ओतले आणि बटण दाबलं. 'बाबा मी शाळेतून निघते आहे.' 'मी जेवते आहे.' एकेक वाक्य आंघोळ करून बाहेर आलं. एखादं त्यांच्या हातून निसटलं, पण ते तितकं लक्ष देऊन बघत नव्हते, ते खुशीत होते.

चार्जर घ्यायला आलेली कश्मिरा त्यांच्या खुर्चीमागे थांबली. "हे माझे मेसेज आहेत ना?"

"चाचणीला घेतलेत. बघ, किती गोड दिसतात आता."

तिने वाचले. दुधाचा, आईच्या फोनचा, सगळे. "छान," ती म्हणाली आणि चार्जर न घेताच निघून गेली. हे बाकीच्यांच्या लेखांवरही चालवणार का, असं तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

अरुंधतीने मात्र विचारलं. "बापूरावांना कळलं तर?"

"कळायला मराठी यायला हवं," सुभाषचंद्र म्हणाले.

बापूरावांची स्वतःची फाईल सगळ्यांत शेवटी, शनिवारी संध्याकाळी आली. 'आमचे घराणे'. म्हाताऱ्याने वर्षभर स्वतःच्या बोटांनी टाइप केली होती म्हणे. उद्घाटनाला हाच लेख पडद्यावर दाखवायचा आणि वाचायचा असं ठरलं होतं. सुभाषचंद्रांनी फाईल उघडली, पहिली ओळ बघितली. 'आमचे मूळ पुरुष' एवढं वाचून ते हसले आणि त्यांनी फाईल बंद केली. इतकं सगळं वाचायचं कुणी? चांगलं असतं तर वाचलं असतं. त्यांनी ती फोल्डरमध्ये टाकली, पान उघडतं आहे एवढं बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

रविवारी सकाळी समाजाचं सभागृह भरलं. पुढच्या खुर्च्यांवर गावातली घराणी, मागे कॉलनीतले बदलीवाले. गावातले लोक कॉलनीवाल्यांच्या कपड्यांकडे बघत होते आणि कॉलनीवाले गावातल्यांच्या बोलण्याकडे कान देऊन होते. दोन्हीकडे तोच एक भाव होता, तो लपवायचे कष्ट कुणी घेत नव्हतं. सुभाषचंद्रांना नारळ मिळाला. त्यांनी माइकवरून सर्व्हर म्हणजे काय ते सांगितलं, कुणाला कळणार नाही अशा बेताने, आणि एक बटण दाबलं. पडद्यावर स्वच्छ, देखणं पान उघडलं. टाळ्या झाल्या. खरोखर देखणं होतं.

वाचायला बापूरावांची सून, अक्षतची आई शिल्पा उभी राहिली. तिची शाळा हिंदीत झालेली. मराठी कळायची सगळी, बोलताना मात्र अडखळायची, म्हणून ती पडद्यावर जे आहे ते अक्षर न चुकवता, एका सुरात वाचू लागली.

"आमचे मूळ पुरुष वामनराव फौजेबरोबर झाशीस आले आणि इथेच घर करत आहेत."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सुभाषचंद्रांच्याही ओठांना हसू आलं. बघा, वाक्याचा काळ सांभाळता येत नाही, आणि म्हणे घराण्याचा इतिहास.

"त्यांची तलवार पुष्कळ वर्षे आमच्या माळ्यावर पडते आहे."

आता मागच्या दोन रांगा उघड हसल्या. कंपनीतला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "हेल्मेट घालून झोपत असतील." सुभाषचंद्र हसत होते, आणि हसता हसताच त्यांचं हसू गालावर अडकलं. पडते आहे. ही ठेवण त्यांच्या ओळखीची होती. हे बापूरावांनी लिहिलेलं नव्हतं. तलवार माळ्यावर पडून राहिली होती.

त्यांनी लॅपटॉपकडे हात नेला. पान बंद करता आलं असतं. पण बंद केलं असतं तर का केलं ते सांगावं लागलं असतं, म्हणून हात तसाच टेबलावर राहिला. शिल्पा वाचत होती.

"मी पाळण्यात असताना आई गेली. तेव्हा माझी आत्या इंदू, लहानपणीच कपाळ पांढरं झालेली, ग्वाल्हेरहून आमच्याकडे येते आहे. मला ताप भरला की ती रात्र रात्र मला मांडीवर घेऊन बसते आहे."

मागे आता हसण्याला धरबंध राहिला नव्हता. एका बाईने पदर तोंडाला लावला होता. शिल्पा थांबली. आपलं वाचायला चुकलं असेल असं समजून बिचारीने तेच वाक्य पुन्हा वाचलं, "आमच्याकडे येते आहे," आणि पुन्हा हशा झाला.

बापूराव उठले. काठी न घेता उठले आणि मंचावर येऊन सुनेच्या हातातून माइक घेतला. ते चिडलेले दिसत नव्हते. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

"हे मी लिहिलं नाही," ते म्हणाले. मग सुभाषचंद्रांकडे वळले. "साहेब, आपण माझ्या लिहिण्याला हात लावला?"

सुभाषचंद्रांना तिथेच चूक कबूल करता आली असती. पण साठीला टेकलेला माणूस चार लोकांत अडचणीत सापडला की त्याची जीभ सवयीच्या वाटेनेच जाते. ते म्हणाले, "फायलीला हात लावलेला नाही. फाईल जशीच्या तशी आहे. फक्त दाखवताना भाषा शुद्ध होते, सर्व्हरवर. 'येऊन राहिली' असं मराठीत म्हणत नाहीत. ते हिंदी झालं."

"मग काय म्हणतात?"

"येते आहे."

"माझी आत्या वारली," बापूराव म्हणाले. "ती येत नाही आहे. ती आली. आणि मग राहिली, मरेपर्यंत आमच्याच घरात राहिली. याला आपल्या पुण्यात काय म्हणतात, सांगा साहेब. आम्ही शिकून घेऊ."

माइक बापूरावांनी पुढे धरला होता. सुभाषचंद्रांच्या डोक्यात शब्द फिरू लागले. येऊन वास्तव्य केलं. येऊन स्थायिक झाली. मुक्कामाला आली. एकही बसेना. त्यांची स्वतःची आजी चिपळूणहून पुण्याला त्यांच्या घरी आली होती ती गोष्ट त्यांची आई सांगायची, आणि काय म्हणायची ते त्यांना आता ऐकू येत होतं. अस्सल मराठी वाक्य होतं. आईच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. मांडवगण्यांच्या तोंडचं म्हणून त्यांनी ते मोडीत काढलं होतं, आणि तेही न वाचता. सुभाषचंद्रांना लाज वाटली.

"येऊन राहिली," ते म्हणाले.

माइक चालू होता. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

"हां," बापूराव म्हणाले. "आणि साहेब, आम्हीपण येऊनच राहिलो. आपण येता आणि जाता. म्हणून आपल्याला राहणं दिसलं की चूक वाटते." माइक त्यांनी सुनेला परत दिला, खिशातून मोबाइल काढून त्यातली फाईल तिच्यासमोर धरली आणि खाली उतरले. "पहिल्यापासून वाच, बेटा."

शिल्पाने पहिल्यापासून वाचलं. लेख चांगला होता. हे सुभाषचंद्रांनाही नाकारता आलं नाही, आणि त्या पाऊण तासात त्यांना मान वर करता आली नाही.

नंतर बाहेर कचोरी-जिलेबीच्या टेबलापाशी जानकीबाई त्यांच्याकडे आल्या. हात जोडलेले होते, आवाज नेहमीसारखाच मऊ होता. अरुंधती आणि कश्मिरा शेजारीच उभ्या होत्या.

"साहेब, आज आपण उत्तर देणार होता. ते मिळालं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी कुणी येऊन राहिलेलं आपल्याला चालत नाही. आपण सांगितलं असतं तरी आम्ही समजलो असतो. इंदूआत्याला मध्ये आणायची गरज नव्हती."

"नाही हो, तसं नाही, ती सर्व्हरची..." सुभाषचंद्र म्हणाले. जानकीबाईंनी त्यांच्या बशीत एक जिलेबी ठेवली आणि त्या दुसऱ्या पाहुण्यांकडे वळल्या.

त्यांनी कश्मिराकडे पाहिलं. ती रडत नव्हती. बापाकडे बघत होती, वर्गातल्या कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे बघावं तशी.

"तुम्ही दोघं घरी जा. मी नंतर येते," ती म्हणाली.

वाक्य निर्दोष होतं. सुभाषचंद्रांना तेवढ्यातही ते जाणवलं, आणि तेवढ्यातही बरं वाटलं. काय म्हणावं या माणसाला.

घरी आल्यावर ते कपडे न बदलता लॅपटॉपसमोर बसले. नियम काढून टाकणं दोन सेकंदांचं काम होतं. पण ते काढेनात. नियम चुकीचा नव्हता, त्याची व्याप्ती चुकली होती, असं त्यांचं म्हणणं होतं. वाक्यात 'तेव्हा' किंवा 'पुष्कळ वर्षे' असेल तर बदलायचं नाही. 'आत्या', 'तलवार', 'पूर्वज' हे शब्द जवळपास असले तर सोडून द्यायचं. असे अपवाद ते एकामागून एक लिहीत गेले. खिडकीतून कॉलनीची कडुनिंबाची झाडं दिसत होती, दुपार चढत होती.

"जेवून घ्या," अरुंधती दारातून म्हणाली.

"चूक कुणाचीही होते."

"चूक व्हायला आधी वाचावं लागतं," ती म्हणाली. "तुम्ही वाचलंच नव्हतं. वीस वर्षं मी तुमच्याबरोबर या लोकांना हसत आले नाही, एवढंच मला आज बरं वाटतंय. पान वाढलंय."

ती गेली. सुभाषचंद्र तिच्या मागे काही बोलणार होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. कश्मिराचा मेसेज होता. त्यांनी तो एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग हाताला लागलेली सवय म्हणा, की यातूनही काही वेगळं, काही बरं वाक्य निघेल अशी वेडी आशा म्हणा, त्यांनी तो उचलून चाचणीच्या चौकटीत टाकला. मेसेज असा होता: 'बाबा, मी जानकीआजींकडे आहे. सगळ्यांची माफी मागितली, तुमच्याकडूनपण. तुम्ही शब्द दिला होता, तो तुम्ही मोडला, तर माझा पण सुटला. अक्षतला मी हो सांगून दिलं. मी पुण्याला येऊन नाही राहिली.'

सुभाषचंद्रांनी बटण दाबलं.

स्क्रिप्टने इमानेइतबारे काम केलं. 'तुमच्याकडूनपण'चं 'तुमच्या वतीनेही' झालं. 'सांगून दिलं'चं 'सांगितलं' झालं. शेवटचं वाक्य मात्र तिने जसं लिहिलं होतं तसंच, काना-मात्रेलाही धक्का न लागता पडद्यावर उतरलं. मधे 'नाही' होतं, आणि 'नाही'साठी त्यांनी नियम लिहिलाच नव्हता.